नाताळची कार्डं आणि कागदी डब्या: घडी फुटते, झाकण बसत नाही

चांदणी

नमस्कार मंडळी,

यंदा डिसेंबर उजाडायची वाट न बघता आत्ताच नाताळच्या कार्डांना बसायचं ठरवलंय. गेल्या वर्षी ३० कार्डं आणि १० छोट्या डब्या करायला घेतल्या होत्या. कार्डं २२ झाली, डब्या चारच. आणि जे झालं तेही मनासारखं झालं नाही. अडचणी अशा:

कार्डासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, चांगलाच जाड) गडद लाल ए४ कागद घेतला आणि मधोमध दुमडला. प्रत्येक कार्डाच्या घडीवर रंग फुटून पांढरी, खरबरीत रेघ उमटली. समोर सुंदर झाड चिकटवलंय आणि शेजारीच ती रेघ!

डब्यांची झाकणं एक तर बसेनात, नाहीतर हात लावला की निघून येत. आणि गोंद लावला की कागदाला लाटा यायच्या.

शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे. इतकी कार्डं हातानं करावीत का? विकत आणलेल्या कार्डावर टिकल्या चिकटवून त्याला हस्तकला म्हणणं मला पटत नाही. पण तिसाव्या कार्डापर्यंत जीव ओतता येत नाही हेही खरं. तुम्ही काय करता?

---

पिंपळपान

वाचनखूण साठवली. माझ्याही डब्यांची झाकणं रुसलेलीच असतात.

---

कागदवेडा

चांदणी, तुमचा हात चांगलाच असणार, घडी चुकतेय ती दिशेमुळे.

यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला झोपतात. कागदाचा कल म्हणतात तो हाच. कलाच्या बाजूनं घडी घातली तर ती सुरेख बसते. कलाला आडवी घातली की तंतू मोडतात आणि वरचा रंग तडकतो. पातळ कागदात कळत नाही, ३०० जीएसएममध्ये लगेच दिसतं.

ए४ कागदात कल बहुतेक वेळा लांब बाजूनं, म्हणजे २९७ मिमीच्या बाजूला समांतर असतो. तुम्ही अख्खा ए४ मधोमध दुमडलात, म्हणजे तुमची घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर गेली. कलाला बरोबर आडवी.

आता तोच कागद आधी कापून दोन ए५ करा आणि प्रत्येक ए५ दुमडा. या वेळी घडी कलाच्या दिशेनं येते. कागद तोच, रंग तोच, रेघ नाही. एका ए४ मधून ए६ आकाराची दोन कार्डं निघतात.

कल ओळखायला कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूनं कमी विरोध होतो, तिकडे घडी घाला. तरीही शंका असेल तर कोपऱ्याचा तुकडा एका बाजूनं ओला करा. तो नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी म्हणजे कलाची दिशा. सुटे कागद विकत घेताना मी वाकवून बघितल्याशिवाय घेत नाही.

साच्यावर हातानं उचललेल्या कागदाला कल नसल्यासारखाच असतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. पण त्याच्या कडा जाड-पातळ असतात, मोजमाप सांभाळावं लागतं.

---

शाईचा_डाग

कागदवेडा यांच्याशी सहमत, पण नुसता कल सांभाळून भागत नाही. दुमडायच्या आधी रेघ दाबून घ्यावी लागते. क्रोशाची बारीक सुई किंवा शाई संपलेलं बॉलपेन, स्टीलची पट्टी, खाली जुन्या मासिकाची जाडी. पट्टी घट्ट धरून दोनदा हलक्या हातानं ओढायचं. एकदाच जोरात ओढलं तर कागद चिरतो.

आता गंमत अशी की बहुतेकजण दुमडतात उलटीकडे. दाबलेल्या बाजूला खाच पडते आणि मागच्या बाजूला उंचवटा येतो. घडी घातल्यावर उंचवटा आत आला पाहिजे. कितीतरी वर्षं मी खाचेच्या बाजूनं दुमडत होते, कारण हाताला तेच नैसर्गिक वाटतं. एका बुकबाइंडिंग करणाऱ्या काकांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि दुमडून परत दिला. एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या घड्या सरळ झाल्या.

आणि लाल कागद घेताना कडेनं बघा. आत पांढरा गर असेल तर घडीवर तो दिसणारच. गाभ्यापर्यंत रंगवलेला कागद मिळतो, तो घ्या.

---

गारवेल

मी वेगळं मत मांडते. मी कागद कापायचं छोटं यंत्र वापरते. घडीच्या रेघा, खिडक्या, नक्षी, सगळं एका मापात येतं. ३० काय, ६० कार्डंही सारखी होतात. हातानंच कापलं पाहिजे हा हट्ट कशासाठी? चित्र माझं, रंग मी निवडलेले, जोडणी माझी. पाती कोणी फिरवली यानं काय फरक पडतो?

---

शाईचा_डाग

@गारवेल, फरक पडतो असं मला वाटतं. कातर हातात असली की चूक होते, ती सांभाळून घेताना नवं काहीतरी सुचतं. माझ्या सगळ्यात आवडत्या कार्डावरचं झाड वाकडं कापलं गेलं होतं, म्हणून मी त्याला वाऱ्यात झुकलेलं केलं आणि मागे उडणाऱ्या चांदण्या लावल्या. यंत्रानं ते झाड सरळच कापलं असतं.

---

गारवेल

वाऱ्यातलं झाड फारच आवडलं, हे मान्य. पण माझ्या मनगटाला दुखापत झाल्यापासून दहा मिनिटांच्या वर कातर धरवत नाही. यंत्र नसतं तर मी हे सगळं सोडूनच दिलं असतं.

---

शाईचा_डाग

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं म्हणणं मागे घेते. तुमच्या कार्डांचे फोटो टाका ना, मनापासून बघायचेत.

---

भूमितीप्रेमी

डब्यांकडे वळतो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

साध्या चौकोनी डबीचं गणित: तळाची बाजू अधिक उंचीची दुप्पट म्हणजे कागदाची बाजू. तळ ६ सेमी आणि उंची ३ सेमी हवी असेल तर १२ सेमीचा चौरस. झाकणाचा तळ ६ सेमीच ठेवला तर ते कधीच बसणार नाही, कारण डबीच्या भिंतींना जाडी असते आणि कोपऱ्यात चिकटवलेल्या पाकळ्यांमुळे ती आणखी वाढते. २२० ते २५० जीएसएमच्या कागदाला मी झाकण २ मिमी मोठं धरतो. म्हणजे तळ ६.२, उंची २, आणि कागद १०.२ सेमीचा चौरस.

कागदवेडांचा नियम डबीला पुरा लागू पडत नाही. डबीच्या घड्या दोन्ही दिशांना असतात, त्यामुळे दोन घड्या कलाला आडव्या जाणारच. म्हणून डबीला ३०० जीएसएम वापरू नका आणि आडव्या रेघा जरा जास्त दाबा.

गोंद न वापरता करायची असेल तर जपानी मासू डबी. मासू म्हणजे तिकडचं धान्य मोजायचं लाकडी चौकोनी माप, त्याच आकाराची ही ओरिगामी. चौरसाचे चारही कोपरे मध्यावर आणायचे, मग बाजू मध्यापर्यंत दुमडून भिंती उभ्या करायच्या. यात तळाची बाजू मूळ चौरसाच्या ०.३५४ पट येते आणि उंची तळाच्या निम्मी. १५ सेमीच्या कागदातून ५.३ सेमीची डबी. झाकण १५ सेमीचं, तर खालची डबी १४.६ सेमीच्या कागदाची करा. दीड मिमीच्या आसपास फरक पडतो आणि झाकण अलगद बसतं. कागद १०० ते १२० जीएसएमचा घ्या. जाड कागदाची मासू करायला जाल तर कोपरे फुगतात.

---

पिंपळपान

०.३५४ कुठून आलं?

---

भूमितीप्रेमी

कोपरे मध्यावर आणले की बाजू २ च्या वर्गमुळानं भागली जाते. मग त्या लहान चौरसाच्या दोन्ही बाजूंचा एकेक चतुर्थांश भिंतीत जातो आणि निम्मा तळाला उरतो. १ भागिले १.४१४, त्याचं निम्मं.

---

पिंपळपान

शाळेत हे डबी करून शिकवलं असतं तर वर्गमूळ आयुष्यभर लक्षात राहिलं असतं!

---

रविवारसकाळ

लेकीबरोबर उघडल्यावर उभं राहणारं कार्ड केलं होतं. घडीवर दोन समांतर काप दिले, मधली पट्टी पुढे ओढली, तिच्यावर घर चिकटवलं. उघडं असताना फार छान दिसत होतं. बंद केलं तर घराचं छप्पर कार्डाच्या बाहेर! पाकिटात जाईना. लेक रडवेली झाली, मग आम्ही ते कार्ड खिडकीत कायमचं उघडं ठेवलं. कुठे चुकलं?

---

कागदवेडा

घडीपासून काप जेवढा आत जातो, त्याच्या दुप्पट अंतरावर त्या पट्टीची पुढची कड कार्ड बंद झाल्यावर पोचते. म्हणून काप पानाच्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा कमीच हवा. ए६ कार्डाचं पान १०५ मिमी रुंद, तर काप ५० मिमीपर्यंतच. वर घर चिकटवणार असाल तर त्याचा जेवढा भाग कडेच्या पुढे येतो तोही धरा. मी ३० मिमीच्या पुढे जात नाही.

आधी साध्या कागदावर एक कच्चं कार्ड करून बंद करून बघा. लेकीला ते कच्चं कार्ड रंगवायला द्या, तिच्यासाठी तेच खरं.

---

जुनी_वही

इतकी छान चर्चा चालली आहे म्हणून थोडा इतिहास सांगतो. नाताळचं पहिलं छापील कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल यांना इतक्या लोकांना पत्रं लिहायची होती की वेळ पुरेना. तीन वर्षं आधी, १८४० मध्ये, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं आणि त्या टपाल सुधारणेत कोल स्वतः काम करत होते. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं. मधे एकत्र बसलेलं कुटुंब आणि दोन बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं. हजार प्रती छापल्या आणि त्यातले रंग हातानं भरले.

चांदणी, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध आहे. पहिलं कार्ड निघालं ते वेळ वाचवण्यासाठी. आपण आज कार्ड करतो ते त्या माणसासाठी वेळ काढावा म्हणून. म्हणून मी दरवर्षी आठच करतो. बाकीच्यांना फोन करतो.

---

गारवेल

आठच? मग नववा माणूस रुसत नाही?

---

जुनी_वही

नवव्याला पुढच्या वर्षी पहिला नंबर. वहीत यादी आहे, कोणाला कधी दिलं ती. आता सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि आपली पाळी कधी हे लोक विचारतात.

---

मोरपीस

अवांतर: चमकीशिवाय नाताळचं कार्ड मला अपुरं वाटतं. तुम्ही कोणीच चमकीबद्दल बोलला नाहीत.

---

शाईचा_डाग

मी चमकी पूर्ण बंद केली. नेहमीची चमकी म्हणजे प्लास्टिकचे कण. कार्ड रद्दीत गेलं तरी तो कागद पुन्हा वापरात येणं अवघड होतं, आणि उरलेले कण नाल्यांतून कुठे जातात कोण जाणे. सोनेरी शाईचं पेन घ्या, नाहीतर सुईनं टोचून नक्षी करा. कार्डाची पुढची बाजू फोमवर पालथी ठेवून मागून भोकं पाडली की पुढे उठावदार ठिपके येतात, आणि कार्ड दिव्यासमोर धरलं की चांदण्या लुकलुकतात.

---

मोरपीस

टोचायचं आजच करून बघते. पण एका कार्डावर तरी चमकी राहणार, आजीला आवडते आणि ती आमची कार्डं टाकत नाही. १९८० च्या दशकातली अजून तिच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

---

शाईचा_डाग

आजीला सूट. :)

---

अक्षरवेल

एक गोष्ट सुचवते, ती मी स्वतः शोधली याचा मला फार आनंद आहे. शुभेच्छेचा शब्द कागदातून कापून काढायचा असेल तर देवनागरीत कापा. रोमन अक्षरं सुटी पडतात, एकेक चिकटवावी लागतात, ओळ वाकडी होते. आपली अक्षरं शिरोरेघेला लटकलेली असतात. ‘नाताळ’ हा अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. शिरोरेघ जरा लांब ठेवली तर तिची दोन टोकं कार्डाच्या दोन पानांना चिकटवून शब्द अधांतरी टांगता येतो. रेघेच्या मध्याला एक घडी द्या आणि टोकं मधल्या घडीपासून सारख्या अंतरावर लावा. कार्ड उघडलं की शब्द पुढे येतो.

अनुस्वाराचं टिंब मात्र सुटून पडतं. ‘आनंद’ कापताना टिंबाला शिरोरेघेशी जोडणारा बारीक देठ ठेवा. उलट स्टेन्सिल करत असाल, म्हणजे अक्षराच्या जागी भोक, तर ‘ळ’ची दोन्ही पोटं गळून पडतात. तिथे एकेक पूल सोडायला विसरू नका.

आणि बटाट्याचा ठसा करणार असाल तर अक्षर उलटं कोरायचं. मी ‘शुभ’ सरळ कोरून बसले होते. सगळी मेहनत आरशात वाचावी लागली असती.

---

भूमितीप्रेमी

अक्षरवेल, शिरोरेघेची कल्पना अप्रतिम! आजवर कुठे वाचली नव्हती.

या निमित्तानं एक विनंती. कार्डावर हिमकण कापताना कागद आठ पदरी दुमडू नका. खरा हिमकण षट्कोनी वळणाचा असतो, कारण बर्फात पाण्याचे रेणूच षट्कोनात रचले जातात. त्याला सहा हात असतात, आठ कधीच नाहीत. वर्तुळ अर्धं करा, त्या अर्धवर्तुळाचे ६० अंशांचे तीन भाग एकावर एक दुमडा, मग पुन्हा अर्धं. १२ पदर होतात आणि सहा हात येतात. त्यासाठी पातळ कागद घ्या, ८० जीएसएमचे १२ पदरही कातरीला जड जातात.

---

रविवारसकाळ

आमच्या खिडकीत सध्या नऊ आठहाती हिमकण आहेत. लेकीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘ते कोळी आहेत.’ प्रश्न मिटला.

---

निशिगंध

डबी जमत नसेल तर विणलेलं कागदी हृदय करून बघा. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर टांगतात. कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० साली केलेलं एक अजून जपून ठेवलंय. ते उघडलं की छोटी पिशवी होते, वर कागदाची पट्टी मूठ म्हणून लावली की भेट ठेवायची टोपलीच.

दोन रंगांचे दोन तुकडे. प्रत्येक दुहेरी दुमडलेला, एक टोक अर्धगोल, घडीच्या बाजूनं सारख्या पट्ट्या कापलेल्या. कापाची लांबी तुकड्याच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर शेवटची ओळ शिरत नाही. खरी मेख इथे आहे: पट्टी वरून-खालून जात नाही. एकदा समोरच्या पट्टीच्या पोटातून आणि एकदा तिला पोटात घेऊन जाते. चटईसारखं विणलंत तर हृदय दिसेल, पण उघडणार नाही. पहिलं तीन-तीन पट्ट्यांचं करा. हलकी वस्तू ठेवा, कानातले किंवा घडी घातलेली चिठ्ठी.

---

पिंपळपान

तीन तास, दोन फाटलेली हृदयं, तिसरं उघडलं! आज घरात मी एकटीच नाचले.

---

कागदवेडा

गोंदाच्या लाटांचं राहूनच गेलं. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्यानं कागद ओला होऊन प्रसरण पावतो. मोठा तुकडा मोठ्या तुकड्यावर चिकटवायचा असेल तर दुहेरी चिकटपट्टी वापरा. गोंद डबीच्या पाकळ्यांसाठी ठेवा, कारण तिथे जागा सरकवायला थोडा वेळ हवा असतो आणि चिकटपट्टी तो देत नाही. गोंद अगदी थोडा, काडीच्या टोकानं पसरून. मग रात्रभर जड पुस्तकांखाली.

---

चांदणी

मंडळी, सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. दोन आठवडे हात भरून काम चाललं होतं.

उरलेले लाल कागद आधी कापले आणि मग दुमडले, उंचवटा आत ठेवून. पांढरी रेघ नाही! पहिली घडी बसली तेव्हा मी ते कार्ड नुसतं उघडत-मिटत बसले होते. मासू डब्या सहा झाल्या, झाकणं अलगद उतरतात. २५० जीएसएमच्या चौकोनी डबीला मात्र २ मिमीनं सैल झाकण आलं, दीड मिमी धरल्यावर नीट बसलं. भूमितीप्रेमी, बहुतेक माझ्या पाकळ्या लहान होत्या आणि कोपऱ्यापासून दूर चिकटल्या.

अक्षरवेल, ‘नाताळ’ टांगला. ‘ळ’ कापायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात सुंदर तोच दिसतो.

संख्येचं म्हणाल तर ३० चा नाद सोडला. जुनी_वही यांचं वाचून माणसांची यादी केली आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाची एक आठवण लिहिली. जिथे आठवण लिहिता आली, ती १४ नावं निघाली. १४ कार्डं. चित्र सगळ्यांवर जवळजवळ सारखंच आहे, पण आत ती आठवण लिहिलीय. एका मैत्रिणीसाठी लिहिलं, ‘त्या पावसात तू मला तुझी छत्री देऊन स्वतः भिजत गेलीस.’ हे तिला मी कधी बोलले नव्हते.

आता फक्त पाकीट. ए६ कार्डाला तयार पाकीट कोणतं?

---

शाईचा_डाग

छत्रीचं वाचून थांबले जरा. फार छान.

पाकीट सी६, ११४ × १६२ मिमी. साधं कार्ड त्यात आरामात जातं. पण टांगलेल्या अक्षरांमुळे आणि चिकटवलेल्या झाडामुळे तुमचं कार्ड जाड झालं असेल, तर स्वतः पाकीट करताना रुंदी-उंचीला आणखी ५-५ मिमी सोडा. टपालानं पाठवणार असाल तर कार्डाच्या मापाचा एक साधा जाड कागदही आत घाला, झाडाचं टोक दबणार नाही.

---

चांदणी

घालते. सहा टपालानं जाणार आहेत, छत्रीवालीचं मी स्वतः नेऊन देणार.